'आज नको' म्हणण्याचा हक्क

इंग्लंडमध्ये मार्च संपत आला की बागांत डॅफोडिल फुललेले असतात, घड्याळे एक तास पुढे सरकतात आणि दुपारचे ऊन अंगाला जाणवू लागते. नेमक्या याच दिवसांत तिथले स्थानिक डायव्हिंग क्लब हिवाळाभर बंदिस्त जलतरण तलावात चाललेला सराव आवरून उघड्या पाण्याकडे वळतात. कुणी समुद्रकिनारी जाते. किनाऱ्यापासून लांब राहणारे लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हसारख्या, पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत उतरतात. काठावर हवा १२-१३ अंश सेल्सिअस असते, पाणी मात्र ६-७ अंशांच्या आसपास. पाणी तापायलाही वेळ लागतो आणि निवायलाही. ब्रिटनभोवतीचा समुद्र सर्वांत थंड असतो तो डिसेंबरात नव्हे, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. हवेत वसंत आलेला असतो, पण पाण्यातला हिवाळा अजून हललेला नसतो.

आपल्या उकाड्यात बसून याची दखल कशाला घ्यायची, असे कुणी विचारेल. एक तर शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी ब्रिटनमध्ये गेलेल्या मराठी मुलामुलींची संख्या मोठी आहे आणि तिथे गेल्यावर 'नवीन काहीतरी करून बघू' म्हणून ती अशा क्लबांत नाव घालतात. दुसरे म्हणजे, उन्हाळ्याच्या सुटीत आपल्यापैकी अनेक जण हिमालयात जातात आणि बर्फ वितळून आलेल्या पाण्यात उतरतात. आणि तिसरे म्हणजे, मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंग आता घरोघरच्या सहलीचा भाग झाले आहे. तिथले पाणी थंड नाही. पण थंड पाण्यात उतरणाऱ्या क्लबांनी जे शहाणपण कमावले आहे, त्याची गरज तिथेही तितकीच आहे. हे शहाणपण यंत्रांत किंवा महागड्या पोशाखात कमी आणि काठावरच्या काही साध्या सवयींत जास्त आहे, असे मला वाटते.

आधी शरीराचे पाहू. थंड पाण्यात माणूस गारठून मरतो, अशी आपली समजूत असते. गारठण्याला वेळ लागतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेते हे खरे. तरीही निरोगी प्रौढ माणसाच्या शरीराचे आतले तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत उतरायला बहुधा अर्ध्या तासाहून अधिक काळ जातो. खरा घात होतो तो पहिल्या दोन-तीन मिनिटांत. ब्रिटनमधल्या पोर्ट्स्मथ विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ माइक टिप्टन यांनी अनेक वर्षे याच मिनिटांचा अभ्यास केला. त्वचा अचानक थंड पडली की माणूस तोंड उघडून एक मोठा श्वास आत ओढतो. हा श्वास इच्छेने रोखता येत नाही. त्यापाठोपाठ श्वास भराभर चालू लागतो, नाडी धावते, रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. याला 'कोल्ड शॉक' म्हणतात. एरवी मिनिटभर श्वास रोखू शकणारा माणूस अशा पाण्यात दहा सेकंदही तो रोखू शकत नाही. हा पहिला श्वास घेताना तोंड पाण्याखाली असेल, तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. पाणी १५ अंशांच्या खाली गेले की हा धक्का ठळकपणे दिसतो. त्यासाठी बर्फ तरंगत असण्याची गरज नाही.

पाणबुड्याच्या तोंडात रेग्युलेटर असतो आणि अंगावर जाड सूट किंवा पाणी आत न येणारा ड्रायसूट असतो. त्यामुळे त्याचा पहिला श्वास पाण्याचा नसतो. पण चेहऱ्याचा काही भाग उघडाच राहतो आणि थंडीचा फटका तिथे बसतो. श्वास वाढला की टाकीतली हवा लवकर संपते. १० मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट लागते. त्यात आणखी एक भर पडते. टाकीत कोंबलेली हवा रेग्युलेटरमधून मोकळी होताना एकदम थंड होते. मुळात थंड असलेल्या पाण्यात ती इतकी थंड होते की रेग्युलेटरच्या आत बर्फ धरतो, झडप उघडी राहते आणि हवा धो धो वाहू लागते. मोठी टाकीही काही मिनिटांत रिकामी होते. युरोपीय मानकानुसार १० अंशांखालचे पाणी म्हणजे थंड पाणी, आणि रेग्युलेटर त्यासाठी वेगळा तपासलेला असावा लागतो. तोवर बोटे बधिर झालेली असतात. घरी सहज उघडणारा पट्ट्याचा चाप पाण्याखाली उघडत नाही. गरम दिवाणखान्यात बसून केलेला कोणताही बेत ही बधिर बोटे गृहीत धरत नाही.

तिसरा धोका माझ्यासारख्या डॉक्टरांच्या जास्त जिव्हाळ्याचा. माणूस पाण्यात उतरला की पाण्याच्या दाबामुळे पायांतले आणि पोटातले रक्त छातीकडे सरकते. त्यात थंडीने रक्तवाहिन्या आवळल्या की हृदयावर दोन्हीकडून ताण येतो. काही जणांत हा ताण फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांना सोसत नाही आणि रक्तातला द्रव फुप्फुसात झिरपतो. बाहेरून पाण्याचा थेंबही आत गेलेला नसतो, तरी फुप्फुसात पाणी भरते. १९८९ मध्ये ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ पीटर विल्म्सहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये असे रुग्ण नोंदवले. हे लोक पाणबुडे आणि पोहणारे होते, तपासणीत त्यांच्या हृदयात दोष सापडला नव्हता. पण पुढच्या वर्षांत त्यांच्यापैकी अनेकांना उच्च रक्तदाब जडला. आज या विकाराला 'इमर्शन पल्मनरी एडिमा' म्हणतात. पाण्याखाली दम लागतो, थांबले तरी तो कमी होत नाही, खोकला येतो, कधी गुलाबीसर फेस येतो. अशा वेळी करण्यासारखी गोष्ट एकच : सुरक्षित वेगाने वर येणे, पाण्याबाहेर पडणे, बसून राहणे आणि ऑक्सिजन घेणे. ज्याला हे एकदा झाले, त्याला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. पूर्ण तपासणी होऊन तज्ज्ञाने परवानगी देईपर्यंत त्याने पाण्यात उतरू नये. उच्च रक्तदाब हा यातला महत्त्वाचा धोकाघटक आहे आणि आपल्या देशात तो चाळिशीतच घर करतो. पुष्कळांना तो असल्याचे ठाऊकही नसते, कारण तो दुखत नाही.

इतके धोके असताना शिक्षक, गवंडी, बँकेतले कारकून आणि निवृत्त मंडळी शनिवारी सकाळी त्या पाण्यात उतरतात आणि बहुतेक वेळा दुपारी सुखरूप चहा पीत बसतात. हे कसे जमते? इथे क्लबाचा भाग सुरू होतो. ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला. त्याच्या शाखा गावोगावी आहेत आणि त्या सभासदच चालवतात. शिकवणारेही बहुतेक विनामोबदला शिकवतात. हिवाळ्यात मोठा खंड पडलेला असेल, तर वसंतातली पहिली बुडी मुद्दाम उथळ आणि छोटी ठेवतात. विसरलेल्या सवयी आणि कपाटात पडून राहिलेली साधने दोन्ही तपासण्यासाठी ती असते. काठावर एक जण त्या दिवसाची जबाबदारी घेतो. कोण कुणाबरोबर गेला, किती वाजता गेला, टाकीत किती हवा होती, हे तो कागदावर लिहितो. प्रत्येक जण एकट्याने नव्हे, जोडीने उतरतो. उतरण्यापूर्वी जोडीदार एकमेकांची साधने हाताने चाचपून पाहतात : तरंगण्याचे जाकीट फुगते का, हवा चालू आहे का, पट्टे कुठून सुटतात. शंभराव्या वेळीही हे करतात. आमच्या शस्त्रक्रियागृहात भूल देण्याआधी रुग्णाचे नाव, बाजू आणि शस्त्रक्रिया मोठ्याने वाचली जाते, त्याच जातीची ही गोष्ट आहे. दिसायला कंटाळवाणी, पण जीव वाचवणारी.

क्लबाची आणखी एक सवय आहे. ही संस्था दरवर्षी डायव्हिंगमधल्या दुर्घटनांचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात नावे नसतात. काय घडले ते असते. हवा संपली, जोडीदार चुकला, वर येण्याचा वेग जास्त झाला, किनाऱ्यावर छातीत दुखले. हा अहवाल वाचला की एक गोष्ट लक्षात येते. खोल समुद्रातले थरारक प्रसंग थोडे असतात. साध्या ठिकाणी, साध्या दिवशी, साध्या निष्काळजीपणाने घडलेले पुष्कळ. मृत्यूंमध्ये पन्नाशीपुढच्यांचे प्रमाणही नजरेत भरते. पाणी तेच राहते. उतरणाऱ्याचे हृदय मात्र तिशीतले राहत नाही.

पण या सगळ्या सवयींत मला सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच. कोणीही, कोणत्याही क्षणी, कारण न देता 'आज नको' म्हणू शकतो. साधने चढवून पाण्याच्या कडेला उभे असतानाही म्हणू शकतो. त्यावर कुणी हसत नाही, कुणी समजूत घालत बसत नाही. चांगल्या क्लबात हा नियम नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगतात. त्याचे वैद्यकीय मोल मोठे आहे. छातीत किंचित जड वाटणे, रात्री झोप न लागणे, सर्दीने कान बंद असणे, नुसतीच अनामिक धाकधूक, या गोष्टी कोणत्याही तपासणीत दिसत नाहीत. त्या फक्त त्या माणसालाच ठाऊक असतात. त्याने त्या बोलून दाखवाव्यात असे वाटत असेल, तर न बोलता माघार घेण्याची मुभा आधी द्यावी लागते.

आता दाखल्याचा प्रश्न. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत 'फिट' असल्याचा दाखला मागणारे रोज येतात. नोकरीसाठी, भरतीसाठी, यात्रेसाठी, ट्रेकसाठी आणि आता साहसी खेळांसाठीही. समाजाची अशी श्रद्धा असते की डॉक्टरांची सही झाली म्हणजे धोका टळला. पाण्याच्या बाबतीत ही श्रद्धा कितपत खरी आहे, हे ब्रिटनमध्ये तपासून पाहिले गेले. तिथे पूर्वी हौशी पाणबुड्यांना ठरावीक काळाने डॉक्टरांकडून तपासून घ्यावे लागे. स्कॉटलंडमधल्या अशा तपासण्यांचा आढावा २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की डायव्हिंगला आड येणारे आजार प्रश्नावलीतूनच कळत होते. नुसत्या शारीरिक तपासणीतून अनपेक्षित आणि महत्त्वाचे असे काही हाती लागत नव्हते. त्यानंतर तिथली पद्धत बदलली. आता पाणबुडा दरवर्षी स्वतःच प्रश्नांची उत्तरे लिहून देतो : दमा आहे का, फिट येतात का, रक्तदाबाच्या गोळ्या घेता का, हृदयाचा काही त्रास झाला आहे का. एकाही प्रश्नाचे उत्तर 'हो' आले, तर तो डायव्हिंग वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांकडे जातो. सगळ्यांना वरवर तपासण्याऐवजी, गरज असलेल्यांना नीट तपासायचे.

यावर आक्षेप ठरलेला आहे : लोक खोटे लिहितील. लिहितात, यात शंका नाही. पण खोटे बोलायचे ठरवलेला माणूस डॉक्टरसमोरही खोटेच बोलतो. फिट येते हे त्याने लपवले, तर स्टेथोस्कोपला ते ऐकू येत नाही. खोटे कमी व्हायला हवे असेल, तर खरे बोलण्याची किंमत कमी करावी लागते. क्लबात ती कमी असते. तिथे लोक एकमेकांना आठवड्याला भेटतात. कुणाला दम लागतो, कुणाचे वजन वाढले, कुणाची बायपास झाली, हे जोडीदाराला माहीत असते. आज नाही उतरलो तर पुढच्या शनिवारी उतरेन, हेही माहीत असते.

सुटीवर आलेल्या पर्यटकाकडे ही सोय नसते, आणि आपला प्रश्न इथून सुरू होतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, हे चांगलेच आहे. पण बहुतांश पर्यटक शिकायला जात नाहीत. एका सकाळी प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखाली जाऊन मासे पाहायला जातात. त्यातही गैर काही नाही. मात्र पुण्या-मुंबईहून रात्रभर प्रवास झालेला असतो, पैसे भरलेले असतात, सोबत सासरची-माहेरची माणसे असतात, मोबाइलवर चित्रीकरण होणार असते. अशा वेळी समोर आलेल्या फॉर्मवर 'रक्तदाब आहे का' या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण करणे सर्वांत सोपे असते. ४८ वर्षांचे काका गोळ्या घेत असूनही गप्प बसतात, कारण पुतण्यांसमोर मागे कसे राहायचे? कोमट पाण्यात कोल्ड शॉक नसतो, पण पाण्याच्या दाबाने रक्त छातीकडे सरकायचे थांबत नाही आणि घाबरल्यावर चढणारा रक्तदाबही थांबत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की आपल्याकडे आणखी एका दाखल्याची सक्ती नको. ती झाली तर किनाऱ्याजवळ दाखल्यांचे दुकान उघडेल आणि सही आणखी स्वस्त होईल. त्याऐवजी चार साध्या गोष्टी कराव्यात. आरोग्याची प्रश्नावली सोप्या मराठीत आणि हिंदीत असावी आणि ती होडीवर नव्हे, तर नाव नोंदवतानाच, घरी असताना हाती पडावी, म्हणजे आपल्या डॉक्टरांना विचारायला वेळ राहील. प्रश्नावलीतल्या कारणाने माघार घेणाऱ्याला पूर्ण पैसे परत मिळावेत. खोटे बोलण्याचे सर्वांत मोठे कारण त्याने नाहीसे होईल. किनाऱ्यावर रक्तदाब मोजायचे यंत्र असावे. त्याची किंमत एखाद्या कुटुंबाच्या सहलीच्या खर्चापुढे किरकोळ आहे. आणि प्रशिक्षकाने उतरण्यापूर्वी प्रत्येकाला मोठ्याने सांगावे : 'आता नको वाटत असेल तर कारण सांगायची गरज नाही.' या चौथ्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही.

आम्हा डॉक्टरांनाही यात काम आहे. दाखला मागायला आलेल्या माणसाला कशासाठी हवा, हे विचारावे. पाण्यात उतरणार असेल तर रक्तदाब मोजल्याशिवाय आणि वर लिहिलेले प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. बीटा ब्लॉकर गटातली औषधे घेणाऱ्याला जाणकाराकडे पाठवावे. आणि पाण्यातून काढलेला, धाप लागलेला रुग्ण समोर आला, तर 'बुडता बुडता वाचला' एवढे लिहून थांबू नये. पाणी आत गेले होते का, की दम आधी लागला, हे विचारावे. उत्तर 'दम आधी' असेल तर निदान वेगळे असू शकते आणि त्याचा पुढचा जीव त्या एका प्रश्नावर अवलंबून असू शकतो.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. उन्हाने अंग तापलेले असताना बर्फाच्या पाण्यात उडी मारू नये; आधी पाय, मग हात, मग मान आणि चेहरा ओला करत सावकाश उतरावे. राफ्टमध्ये जाकीट सैल करू नये. अचानक पाण्यात पडलात तर पहिले मिनिटभर हातपाय मारून दमू नका. पाठीवर तरंगत, तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास ताब्यात येऊ द्या. धक्का ओसरतो, मग पोहा किंवा हाक मारा. थंड पाण्याची सवय होते, हेही खरे. टिप्टन यांच्या प्रयोगांत दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुड्यांनंतर हा धक्का बराच कमी झालेला दिसला. पण ती सवय तयारीने आणि सोबतीने करायची असते. एका सुटीत, पैजेवर नाही. हृदयविकार किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांनी या फंदात पडूच नये. व्यायामशाळांतून सध्या लोकप्रिय होत असलेल्या बर्फाच्या टबांनाही हेच लागू आहे.

पाण्याखालचे जग सुंदर आहे आणि ते पाहायला कुणी घाबरावे, असे मला मुळीच वाटत नाही. ६-७ अंशांच्या पाण्यात उतरणारी ती निवृत्त मंडळी काही आपल्यापेक्षा शूर नाहीत. त्यांनी शौर्याची गरज कमी करून ठेवली आहे, एवढेच. पुढच्या सहलीत तुमच्या घरातले कुणी पाण्याच्या कडेला थबकले आणि 'मी नाही येत' म्हणाले, तर त्यांना 'का' असे विचारू नका. टॉवेल द्या, सावलीत बसवा. आणि घरी परतल्यावर, पाण्यात उतरलेल्यांचा आणि न उतरलेल्यांचा, सगळ्यांचाच रक्तदाब एकदा मोजून घ्या.